ध्रुवप्रदेशांतील सुखयात्रा

पूर्वीच्या काळीं आपल्याकडील एखादा गृहस्थ काशीयात्रेस निघाला, म्हणजे तो आधीं घरादाराची निरवानिरव करी. देणेंघेणें मिटवी, जमिनीचे कागद थोरल्या मुलाच्या स्वाधीन करी, सोयऱ्याधायऱ्यांस भेटून घेई, आणि मगच वेशीबाहेर पाऊल टाकी. वाटेंत काय होईल याचा नेम नसे. सुखरूप परत आलाच, तर गांवास मावंदें घाली. यात्रेचें पुण्य किती, हा प्रश्न निराळा. पण परत येणें ही गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हे, हें भान त्या निरवानिरवींत होतें. पुढें आगगाडी आली व तें भान सुटलें. तें सुटलें म्हणून कोणाचें फारसें नुकसान झालें, असेंही नाहीं. काशी खरोखरच जवळ आली.

पृथ्वीच्या दोन टोंकांविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. तीं जवळ आल्यासारखीं दिसतात, एवढेंच. आज अंटार्क्टिकाची किंवा उत्तरेकडील स्पिट्सबर्गन बेटांची सफर करावयाची, तर पुष्कळ वेळां वर्षभर आधीं जागा राखून ठेवावी लागते, इतकी तिला मागणी आहे. खोलीस लागून स्वतंत्र सज्जा, ऊन पाण्याचा तलाव, नामांकित आचाऱ्यांची पाकशाळा, सायंकाळीं प्राणिशास्त्रज्ञाचें व्याख्यान, आणि सकाळीं कॉफीचा पेला हातीं धरून पाहावयाचा हिमनग, असा या सफरींचा थाट असतो. २०२३-२४ च्या एकट्या हंगामांत अंटार्क्टिकाकडे गेलेल्या प्रवाशांची संख्या एक लक्षाच्या वर गेली. ज्या किनाऱ्यास माणसाचें पाऊल लागलें हीच एके काळीं जगाची बातमी होती, तेथें आतां कोणत्या दिवशीं कोणत्या जहाजानें उतरावें याचें वेळापत्रक करावें लागतें.

मग अशा सफरीची योजना करणें म्हणजे नेमकें काय करणें? लोकरी कपडे घेणें, पेट्या भरणें व भाडें चुकतें करणें, एवढ्यांत ती योजना संपते काय? गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास या प्रश्नाचें जें उत्तर देतो, तें जाहिरातींतील उत्तराहून बरेंच निराळें आहे. तेंच येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आरंभ एका अशा सफरीपासून करूं, कीं जी सुखयात्रा नव्हती, परंतु जिच्या सामानसुमानांत कांहीं उणें ठेवलेलें नव्हतें. १८४५ च्या मे महिन्यांत सर जॉन फ्रँकलिन हा इंग्रज दर्यावर्दी 'एरेबस' व 'टेरर' हीं दोन जहाजें घेऊन, कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागरास जाणारी वाट शोधण्यास निघाला. जहाजांत वाफेचीं यंत्रें बसविलेलीं होतीं. खोल्या उबदार ठेवण्याची सोय होती. तीन वर्षें पुरेल इतकी शिधासामग्री होती. हजारांहून अधिक ग्रंथ होते. अधिकाऱ्यांजवळ चांदीचे चमचे व कांटे होते. नव्हती ती एकच गोष्ट. जहाजें अडकलींच, तर तीं कोणीं, केव्हां व कोणत्या वाटेनें शोधावयाचीं, याची आधीं ठरविलेली योजना नव्हती.

१८४६ च्या सप्टेंबरांत दोन्ही जहाजें किंग विल्यम बेटाजवळ बर्फांत रुतलीं. पुढील जूनमध्यें फ्रँकलिन वारला. १८४८ च्या एप्रिलांत उरलेल्या मंडळींनीं जहाजें सोडून पायीं दक्षिणेची वाट धरली. आणि शोधाचीं पहिलीं जहाजें इंग्लंडांतून निघालीं तींही त्याच सालीं. १२९ जणांपैकीं एकही परत आला नाहीं. १८५९ सालीं मॅक्लिंटॉकच्या मंडळींस त्या बेटाच्या किनाऱ्यावर घसरगाडीवर चढविलेली एक होडी सांपडली. तींत दोन सांगाडे होते. आणि त्यांच्या सोबतीस चांदीचे चमचे, रेशमी रुमाल, साबण, सपाता, पुस्तकें, थोडा चहा व चॉकोलेट. मरणाच्या वाटेवर असलेलीं माणसें चांदी ओढीत चाललीं होतीं! ध्रुवप्रवासाच्या इतिहासांतला हा पहिला धडा होय. सामान म्हणजे तयारी नव्हे. सामान वाढतें त्या मानानें तयारी वाढल्याचा भास मात्र होतो, आणि तो भास फार महाग पडतो.

फ्रँकलिनच्या मंडळींची खरी हकीकत अद्यापि पुरती कळलेलीही नव्हती, अशा वेळीं १८५६ च्या उन्हाळ्यांत एक तीस वर्षांचा उमराव निव्वळ मौजेखातर उत्तरेच्या हिमसागरांत शिरला. त्याचें नांव आपणांस अपरिचित नाहीं. जो पुढें १८८४ पासून १८८८ पर्यंत हिंदुस्थानचा व्हॉइसरॉय होता, व ज्याच्या अमदानींत १८८५ सालीं मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, तोच हा लॉर्ड डफरिन. 'फोम' नांवाचें ऐंशी-एक टनांचें शिडाचें गलबत, एक डॉक्टर मित्र, आईसलंडचा एक तरुण दुभाष्या, आणि सदा कांहीं तरी अशुभच घडणार असें मानणारा एक नोकर, एवढा त्याचा परिवार. आईसलंडास फ्रान्सचा राजपुत्र नेपोलियन याची 'रेन ऑर्तांस' ही मोठी आगबोट त्यास भेटली, व तिनें 'फोम'ला दोरखंड बांधून उत्तरेकडे ओढून नेलें. पण बर्फाची तटबंदी लागतांच राजपुत्राची आगबोट माघारी फिरली. डफरिन नुसत्या शिडांच्या जोरावर पुढें गेला, जान मायेन बेटाचा पर्वत धुक्यांतून पाहून आला, आणि ऑगस्टांत स्पिट्सबर्गनच्या किनाऱ्यास लागला.

या प्रवासांत त्यानें आईस लिहिलेलीं पत्रें पुढच्याच वर्षीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं व फार लोकप्रिय झालीं. त्यांतील गलबतावरच्या कोंबड्याची कथा मोठी करुण आहे. गलबत जसजसें उत्तरेस गेलें, तसतशी रात्र लहान होत होत नाहींशी झाली. पहाट कोणती हेंच कळेना, तेव्हां आरवावें केव्हां? बिचारा प्रथम वेळीं अवेळीं आरवूं लागला, मग गप्प झाला, आणि शेवटीं भ्रम होऊन त्यानें समुद्रांत उडी घेतली. मावळतीविना दिवस व उगवतीविना रात्र ही कल्पना आपल्याकडील वाचकांस लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आर्यांच्या मूलस्थानाविषयींच्या ग्रंथामुळें ओळखीची आहे. त्या ग्रंथाचा सिद्धांत आज विद्वानांस मान्य नसला, तरी त्या दीर्घ उषेचें वर्णन वाचून जें कुतूहल आपल्या मनांत उत्पन्न होतें, तेंच डफरिनच्या वाचकांच्या मनांत उत्पन्न झालें होतें. फरक इतकाच, कीं त्यांच्या दारांत आगबोटी उभ्या होत्या.

डफरिन सुखरूप परतला खरा. पण तो परतला यांत त्याच्या योजनेचा भाग किती व दैवाचा किती, हें सांगणें कठीण आहे. स्पिट्सबर्गनच्या बर्फांत तें इवलेंसें गलबत कोंडलें गेलें असतें, तर त्याच्या मदतीस येणारें दुसरें जहाज जवळपास ठेवलेलें नव्हतें. उमरावाचा हा खेळ होता, व त्याचा धोकाही त्याचा स्वतःचा होता. भाडें भरून येणाऱ्या सामान्य गृहस्थांस हा मार्ग मोकळा करावयाचा, तर दैवावर हवाला ठेवून चालण्यासारखें नव्हतें.

हें काम ज्यांनीं आरंभिलें, ते शूर शोधक नव्हते. ते हिशेबी माणसें होते. १८७५ सालीं टॉमस कुकच्या कंपनीनें नॉर्वेच्या उत्तर टोंकाशीं मध्यरात्रीचा सूर्य दाखविण्यासाठीं प्रवाशांची टोळी नेली. १८८९ पासून जर्मनीचा बादशहा दुसरा विल्हेल्म आपल्या जहाजांतून दर उन्हाळ्यांत नॉर्वेच्या किनाऱ्यानें फिरूं लागला, तेव्हां ती श्रीमंतांची रीतच झाली. परंतु खरें महत्त्वाचें काम रिचर्ड विथ नांवाच्या एका नॉर्वेजियन कप्तानानें केलें. नॉर्वेचा उत्तर किनारा म्हणजे हजारों खडक व बेटें यांचें जाळें. दीपगृहें थोडीं, नकाशे अपुरे, आणि हिंवाळ्यांत दिवस जवळजवळ नाहींच. तेथून बारमहा रात्रंदिवस आगबोट चालविणें अशक्य, असें जाणते लोकही म्हणत. विथनें कित्येक वर्षें एक साधें काम चिकाटीनें केलें होतें. प्रत्येक फेरींत होकायंत्र कोणत्या दिशेस होतें, वेग किती होता, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत मिनिटें किती लागलीं, हें तो टिपून ठेवी. त्या टिपणांच्या बळावर १८९३ च्या जुलैंत त्याची 'वेस्टरालेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टकडे निघाली, आणि आज 'हुर्टिग्रुटेन' म्हणून प्रसिद्ध असलेला तो जलमार्ग सुरू झाला.

तीनच वर्षांनीं, १८९६ सालीं, याच कंपनीनें स्पिट्सबर्गनपर्यंत उन्हाळी फेऱ्या सुरू केल्या, व तेथें ॲडव्हेंट उपसागराच्या कांठीं लांकडाचें एक उपाहारगृह बांधलें. ध्रुवाच्या इतक्या जवळ टेबलावर पांढरी चादर पसरून जेवण वाढलें जाऊं लागलें. परंतु विथनें पैसा केवळ चादरींवर खर्च केला नाहीं. १८९७ च्या उन्हाळ्यांत त्या मार्गावरील 'लोफोटेन' आगबोटीचा कप्तान होता ओटो स्वेर्द्रुप, म्हणजे नान्सेनचें 'फ्राम' जहाज तीन वर्षें बर्फांतून सुखरूप बाहेर काढणारा पुरुष. सुखयात्रेच्या खर्चाच्या यादींत पहिली ओळ बर्फ ओळखणाऱ्या माणसाची असली पाहिजे, हें विथ जाणून होता.

त्याच उन्हाळ्यांत, ११ जुलै १८९७ रोजीं, तेथून फार लांब नसलेल्या एका बेटावरून आन्द्रे हा स्वीडिश इंजिनियर दोन सोबत्यांसह बलून घेऊन ध्रुवाकडे उडाला, आणि दिसेनासा झाला. त्या तिघांचीं प्रेतें १९३० सालीं, तेहतीस वर्षांनीं, हाताला लागलीं. एकाच समुद्रांत, एकाच ऋतूंत, एकीकडे अमर साहस आणि दुसरीकडे परतीचें तिकीट! काव्य पहिल्यांत अधिक आहे, यांत शंका नाहीं. पण घरच्या माणसांस विचारलें, तर तीं दुसऱ्याचाच कौल देतील.

उत्तरेकडे हें चाललें असतां दक्षिणध्रुवखंड मात्र प्रवाशांपासून दूरच राहिलें. तेथें वस्ती नाहीं, बंदर नाहीं; आणि दक्षिण अमेरिकेच्या टोंकापासून तेथवर जातांना ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडावी लागते, जिचा खवळलेला समुद्र दोन दिवस माणसास अंथरुणावरून उठूं देत नाहीं. १९५८ च्या आरंभीं आर्जेंटिनाच्या एका जहाजानें कांहीं प्रवासी तेथें नेऊन आणले. परंतु ज्या पद्धतीनें आज ही सफर होते, ती पद्धत घालून दिली ती लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडनमध्यें जन्मलेल्या व न्यूयॉर्कांत व्यवसाय करणाऱ्या गृहस्थानें. १९६६ सालीं त्यानें आर्जेंटिनाच्या नौदलाचें एक जहाज भाड्यानें घेतलें व ५७ प्रवासी दक्षिणेस नेले. पुढें, १९६९ सालीं, खास याच कामासाठीं त्यानें फिनलंडांत एक जहाज बांधून घेतलें. त्याचें नांव 'लिंडब्लाड एक्सप्लोरर'. रंगानें लाल, आकारानें लहान, प्रवासी सुमारें शंभर; बर्फाचा धक्का सोसेल असा भक्कम सांगाडा; आणि किनाऱ्यास उतरण्यासाठीं हवेनें फुगविलेल्या रबरी होड्या.

लिंडब्लाडची योजना पाहण्यासारखी होती. प्रवाशांस करमणूक म्हणून नाटकशाळा न देतां त्यानें शिक्षक दिले. पक्षी, मत्स्य, हिम व इतिहास यांचे जाणकार बरोबर घेतले. दक्षिणध्रुवाहून परततांना मेलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा, निसर्गरक्षणाच्या कार्यांत अग्रेसर असलेला सर पीटर स्कॉट, यानेंही या जहाजावरून व्याख्याता म्हणून प्रवास केला. ज्यानें तो प्रदेश एकदां डोळ्यांनीं पाहिला, तो त्याच्या रक्षणासाठीं जन्मभर बोलेल, असा लिंडब्लाडचा विश्वास होता. हा विश्वास खोटा नव्हता. पण तो अपुरा होता. समुद्रास प्रवाशाचा हेतु कळत नाहीं. १९७२ च्या फेब्रुवारींत हेंच जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ खडकावर चढलें, आणि प्रवाशांस चिलीच्या नौदलाच्या जहाजानें उतरवून घेतलें. जहाज पुढें सुटलें, दुरुस्त झालें, व १९८४ सालीं फ्रँकलिनला न साधलेली वायव्येची वाटही त्यानें पार केली. पण त्या दिवशीं चिलीचें जहाज जवळ होतें, हा योगायोग होता, योजना नव्हती.

योगायोगावर किती काळ निभावेल, याचा निकाल १९८९ सालानें लावला. त्या वर्षाच्या जानेवारीअखेर 'बाहिया पाराईसो' हें प्रवासी घेऊन गेलेलें आर्जेंटिनाचें रसदीचें जहाज अमेरिकेच्या पामर संशोधन-ठाण्याजवळ खडकावर आपटून बुडालें. माणसें वांचलीं, पण सुमारें सहा लक्ष लिटर तेल त्या निष्कलंक पाण्यांत पसरलें, आणि पक्ष्यांच्या वसाहतींस व शास्त्रज्ञांच्या चालू अभ्यासास त्याची झळ लागली. पांच महिन्यांनीं, जूनमध्यें, उत्तर टोंकाशीं 'माक्सिम गोर्की' हें रशियन जहाज भर वेगानें बर्फांत शिरलें व त्याची कूस फाटली. जहाजावर साडेनऊशें माणसें, त्यांतले पुष्कळ प्रवासी उतारवयाचे. कोणी होड्यांत, कोणी बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवर, अशीं तीं रात्रीं कुडकुडत बसलीं. नॉर्वेच्या गस्तीचें 'सेन्या' हें जहाज कांहीं तासांत तेथें पोंचलें, म्हणून सर्व वांचलीं. तें दोन दिवसांच्या अंतरावर असतें, तर ही कथा निराळ्या शब्दांत सांगावी लागली असती.

यानंतर नियम झाले. १९९१ च्या ऑक्टोबरांत माद्रिद येथें अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा करार झाला. त्याच वर्षीं प्रवासी नेणाऱ्या सात कंपन्यांनीं मिळून आपली संघटना स्थापिली व स्वतःस बांधून घेतलें. पांचशेंहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजानें कोणास किनाऱ्यावर उतरवूं नये. एका ठिकाणीं एका वेळीं शंभरांहून अधिक माणसें असूं नयेत. पेंग्विनपासून निदान पांच मीटर दूर राहावें. उतरण्यापूर्वीं व चढल्यावर पायतणें धुवावीं, म्हणजे परमुलखांतलें बीं त्या भूमींत रुजणार नाहीं. २०११ च्या ऑगस्टपासून त्या समुद्रांत जड तेल जाळण्यास व वाहून नेण्यास बंदी झाली. उत्तरेकडे स्पिट्सबर्गनच्या रक्षित भागांत २०२५ पासून दोनशेंहून अधिक प्रवाशांचें जहाज जाऊं शकत नाहीं, आणि पांढऱ्या अस्वलापासून निदान तीनशें मीटर, वसंतांत पांचशें मीटर, दूर राहावें लागतें. आपल्याकडे देवळांत शिरतांना पायतण बाहेर ठेवतात. ज्या देशांत देऊळ नाहीं व पुजारी नाहीं, तेथें ही शिस्त माणसास स्वतःवर घालून घ्यावी लागली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

परंतु नियमांनीं बर्फ मऊ होत नाहीं. लिंडब्लाडचें तें लहानसें लाल जहाज कालांतरानें दुसऱ्या हातीं गेलें होतें, व नुसतें 'एक्सप्लोरर' म्हणून ओळखलें जाई. २३ नोव्हेंबर २००७ च्या रात्रीं, पस्तीस वर्षांपूर्वीं जेथें तें खडकावर चढलें होतें त्या किंग जॉर्ज बेटापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, तें बर्फावर आदळलें व त्याच्या तळास भोंक पडलें. नंतरच्या चौकशींत असें ठरलें, कीं कप्तानानें समोरचा बर्फ कोवळा समजून वेगानें जहाज घातलें. तो बर्फ जुना व कठीण होता. बर्फावर चालण्यासाठींच बांधलेलें जहाज, अनुभवी खलाशी, सारीं साधनें; पण बर्फ ओळखण्यांत चूक झाली. स्वेर्द्रुपसारख्या माणसाचें मोल विथ इतकें कां मानी, तें या एका चुकीवरून कळतें. १५४ माणसें उघड्या होड्यांत उतरलीं व काळोखांत कांहीं तास बसून राहिलीं. समुद्र शांत होता. पहाटे दोन जहाजें आलीं, आणि सर्व माणसें वांचलीं. त्याच दिवशीं 'एक्सप्लोरर' बुडालें. आज तें हजार मीटरांहून अधिक खोलीवर पडून आहे.

तीं दोन जहाजें कोणतीं होतीं? एक 'नॉर्डनॉर्गे', म्हणजे विथनें १८९३ सालीं सुरू केलेल्या त्या नॉर्वेजियन जलमार्गाचें. दुसरें लिंडब्लाडच्या मुलाच्या कंपनीचें. बापानें बांधविलेल्या जहाजावरचीं माणसें बुडत असतां मुलाचें जहाज धांवून आलें, आणि त्यांस उचलून घेतलें तें विथच्या वारसांनीं. इतिहास क्वचितच आपले धागे असे जुळवून दाखवितो. यांतही योगायोग नाहीं असें नाहीं; पण १८४५ चा, १८५६ चा किंवा १९७२ चा तो योगायोग नव्हे. आतां जहाजें परस्परांस आपला ठावठिकाणा कळवीत होतीं, एकमेकांच्या हांकेंत राहत होतीं. दुसरें जहाज हांकेच्या अंतरावर असणें, हीच ध्रुवप्रवासांतील खरी चैन होय. ती चैन कोणत्याही जाहिरातींत छापलेली नसते, कारण ती छापल्यानें गिऱ्हाईक बिचकेल.

२०१६ च्या ऑगस्टांत याच विचाराची परीक्षा झाली. 'क्रिस्टल सेरेनिटी' हें सुमारें हजार प्रवाशांचें ऐषआरामी जहाज अलास्कांतून निघून वायव्येच्या वाटेनें बत्तीस दिवसांत न्यूयॉर्कास गेलें. भाडें कमींत कमी वीस-बावीस हजार डॉलर. या एका सफरीच्या आंखणीस जवळजवळ तीन वर्षें लागलीं होतीं. बर्फाचे जाणते वाटाडे घेतले होते; वाटेंतल्या लहानशा इन्युइट गांवांची आगाऊ संमति घेतली होती, कारण गांवच्या लोकसंख्येइतके पाहुणे एकदम दारांत उभे करणें हें आदरातिथ्यावर संकट आणणेंच होय; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बर्फ फोडणारें एक दुसरें जहाज हेलिकॉप्टरांसह सर्व वाटभर बरोबर ठेवलें होतें. संकटांत बाहेर काढण्याच्या खर्चाचा विमा प्रत्येक प्रवाशास सक्तीचा होता; काशीस निघणाऱ्याच्या निरवानिरवीचेंच तें नवें रूप म्हणावयाचें. आणि नवल असें, कीं हें जहाज त्या समुद्रांतून जात होतें त्याच सुमारास, सप्टेंबरच्या आरंभीं, किंग विल्यम बेटाच्या एका उपसागरांत फ्रँकलिनचें 'टेरर' समुद्रतळाशीं जवळजवळ अखंड सांपडलें. एकाच पाण्यांत वर एक जहाज, तळाशीं एक जहाज. चांदीचे चमचे दोहोंवरही होते.

२०१७ च्या जानेवारीपासून ध्रुवीय समुद्रांसाठीं जो आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह अमलांत आला, त्यांत एक कलम असें आहे: मदत येईपर्यंत निदान पांच दिवस सर्व माणसें जिवंत राहतील, इतकी सामग्री व व्यवस्था जहाजावर असलीच पाहिजे. पावणेदोनशें वर्षांच्या अनुभवाचें सार या एका कलमांत आलें आहे. जहाज फुटूं शकेल, तें आपलें असूं शकेल, आणि मदत उद्यां येणार नाहीं, हें आधीं कबूल करून मग बाकीची योजना करावयाची. ज्या योजनाकारानें हें कबूल केलें, त्यानें मग तलाव बांधावा, पाकशाळा करावी, हरकत नाहीं.

तथापि एक हिशेब अद्यापि पुरा व्हावयाचा आहे. फ्रँकलिनच्या मंडळींस दोन वर्षांत जी वाट सुटली नाहीं, ती २०१६ सालीं हजार सुखवस्तु प्रवाशांस महिन्याभरांत सुटली, ती केवळ योजनाकाराच्या चातुर्यानें नव्हे. उत्तरेचा उन्हाळी बर्फ गेल्या चार-पांच दशकांत फार घटला आहे, म्हणून ती सुटली. आणि तो घटतो आहे त्याचें कारण माणसानें जाळलेला कोळसा व तेल. म्हणजे प्रवासी जें पाहावयास जातो, तें नाहींसें होत असल्यामुळेंच त्यास जातां येतें, आणि जाण्यानें तें आणखी थोडें नाहींसें होतें. माघारीचा विचार आजवर माणसांपुरता झाला. तो आतां त्या भूमीपुरताही व्हावयास पाहिजे. आपण परत आल्यावर ती भूमि जशी होती तशी मागें राहील काय, हा प्रश्न सफरीच्या यादींत शेवटीं नव्हे, आरंभीं लिहिला गेला पाहिजे. कोणी त्याचें उत्तर लहान जहाज, थोडे प्रवासी व कडक नियम असें देईल. कोणी न जातां घरींच बसून चार चांगलीं पुस्तकें वाचीन म्हणेल. दुसरें उत्तर देणारा मनुष्य भित्रा ठरत नाहीं, आणि पहिलें देणारा पापी ठरत नाहीं. मात्र प्रश्नच न विचारतां निघणारा दोन्ही अर्थांनीं बेसावध असतो.

काशीहून परतलेला यात्रेकरू मावंदें घाली, तेव्हां गंगेच्या पाण्याचा गडू मध्यें ठेवून त्याची पूजा करी. त्यानें गंगेंतून एक गडूभर पाणी आणलेलें असे, आणि गंगा होती तशीच मागें वाहत राहिलेली असे. ध्रुवप्रदेशाहून येणाऱ्या प्रवाशास तेथून दगड, पीस किंवा हाडाचा तुकडाही आणावयाची मनाई आहे. रिकाम्या हातानें परत येणें हेंच तेथलें व्रत. तें व्रत पाळून जो घरीं आला, आणि ज्याच्या मागें त्या पांढऱ्या भूमीवर पावलाचीही खूण उरली नाहीं, त्यानें खुशाल मावंदें घालावें.